गाळा घेण्याआधी: बेळगाव सीमाभागात छंद-साहित्याचा छोटा व्यवसाय कमी भांडवलात कसा सुरू करावा

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि त्यांच्या आसपासच्या गावांत विणकाम, आरी वर्क (आकडीच्या सुईने केलेले भरतकाम), साडीचे गोंडे, चित्रकला, मातीकाम अशा छंदांत मनापासून रमणारी माणसे घरोघरी आढळतात. त्यांना लागणारे साहित्य मात्र सहसा एका जागी मिळत नाही. सुई एका गल्लीत, धागा दुसऱ्या गल्लीत आणि नेमकी हवी ती छटा कोल्हापूर किंवा हुबळीला, अशी धावपळ करावी लागते. ही उणीव पाहून असे साहित्य आपणच का विकू नये, हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि बहुतेकांची पहिली चौकशी गाळ्याच्या भाड्याची असते. माझे मत नेमके याउलट आहे. गाळा ही या व्यवसायातली शेवटची पायरी असून ती बरीच वर्षे चढली नाही तरी काही अडत नाही. मी घरातल्या एका कपाटापासून ही विक्री सुरू केली आणि गिऱ्हाईक बांधले गेल्यावरच छोटा गाळा घेतला. त्या वाटेवर जे समजले ते, विशेषतः राज्याची सीमा जवळ असल्यामुळे जे जास्तीचे नियम सांभाळावे लागतात ते, येथे क्रमाने मांडत आहे. तुमच्याजवळ वीस-पंचवीस हजार रुपये आणि आठवड्याचे काही मोकळे तास आहेत, असे गृहीत धरले आहे.

१. एकच छंद निवडा, आणि त्यात संपणारे साहित्य आहे का ते पाहा

नवख्या विक्रेत्याची हौस दांडगी असते. थोडे रंग, थोडे मणी, थोडी लोकर, दोन-चार बोर्ड गेम असा सगळ्यांतला थोडा-थोडा माल भरला की कपाट भरल्यासारखे दिसते, परंतु एकाही गिऱ्हाइकाचे काम पुरे होत नाही. विणकाम करणाऱ्या बाईंना तुमच्याकडे लोकरीच्या पाच छटा मिळाल्या आणि सहावी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी त्या पाच छटांसाठीही दुसरीकडे जातील. म्हणून छंद एकच घ्या आणि त्यातले साहित्य जमेल तितके पूर्ण ठेवा.

कोणता छंद घ्यावा, याची माझी कसोटी सोपी आहे: त्यातले साहित्य किती लवकर संपते? क्रोशाची सुई एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते. धागा मात्र महिन्याला लागतो. कॅनव्हासचे स्टँड एकदाच विकले जाते, पांढरा रंग पुन्हा पुन्हा विकला जातो. संपणारे साहित्य हा या व्यवसायाचा रोजचा भाकरतुकडा आहे.

आपल्या भागात साडीच्या पदराला गोंडे लावणे, ज्याला येथे अनेक जणी कुच्चूच म्हणतात, आणि ब्लाउजवरचे आरी वर्क हे छंद या कसोटीला चांगले उतरतात. शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग. साडीची जाण येथे घरोघरी आहे. शिवाय ही कामे करणाऱ्या बऱ्याच जणी शेजारपाजारच्या साड्याही करून देतात, म्हणजे त्यांचा छंद अर्धा रोजगारच असतो आणि असे गिऱ्हाईक सणासुदीला आणि लग्नसराईत न चुकता येते. याउलट रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, विमानांच्या जुळवणीच्या प्रतिकृती किंवा महागडे बोर्ड गेम यांचा चाहता वर्ग आपल्याकडे आहे, पण विरळ आहे; त्यांचा माल भरून ठेवू नका, आगाऊ पैसे घेऊन मागणीप्रमाणेच मागवा.

आणखी एक अट मी घालेन. तो छंद तुम्हाला स्वतःला येत असला पाहिजे, निदान शिकण्याची तयारी असली पाहिजे. रेशीम धागा कोणत्या जाडीचा घ्यावा आणि गोंड्यासाठी किती पदर करावेत, हे सांगता येणाऱ्या विक्रेत्याकडे लोक चार पैसे जास्त देऊनही येतात.

२. पहिल्या खरेदीचा हिशेब कागदावर मांडा

हाताशी असलेली सगळी रक्कम मालात घालू नका. पंचवीस हजार असतील तर पंधरा हजारांचाच माल घ्या. उरलेले दहा हजार दुसऱ्या खेपेसाठी ठेवा, कारण पहिल्या खेपेतले जे भराभर संपेल ते लगेच पुन्हा आणता आले नाही तर गिऱ्हाईक तुटते आणि जे अडून बसले आहे त्याच्यात तुमचा पैसा अडकलेला असतो.

नफा कुठे मुरतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, रंगाच्या बारा नळ्यांचा खोका कर धरून ४८० रुपयांना पडला आणि वाहतूक २४ रुपये आली. एक नळी ४२ रुपयांना पडली. छापील किंमत ६० असेल तर नळीमागे १८ आणि खोक्यामागे २१६ रुपये सुटतील, असे वाटते. प्रत्यक्षात न खपणाऱ्या छटेच्या तीन नळ्या तशाच राहिल्या, तर नऊ नळ्यांचे ५४० रुपये आले आणि खर्च ५०४ झाला. हाती राहिले ३६ रुपये. त्यात गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट दिली असती, तर खिशातूनच गेले असते. म्हणून मिश्र छटांचा खोका ठोक व्यापाऱ्याने स्वस्तात देऊ केला तरी, सुट्या छटा निवडून घेता येत असतील तर थोड्या महाग पडल्या तरी त्याच घ्याव्यात.

लोकर आणि धागा विकणार असाल तर लॉट क्रमांकाची गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या. लोकरीच्या गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर छटेचा क्रमांक असतो आणि त्याच्याजवळच रंगाईच्या लॉटचा क्रमांक असतो. छटा तीच पण लॉट वेगळा असेल, तर दोन गोळे हातात धरून फरक कळत नाही; मात्र स्वेटर विणून झाल्यावर जिथे गोळा बदलला तिथे पाठीवर आडवी रेघ स्पष्ट उठून दिसते. त्यामुळे खरेदी करताना एका छटेचे सर्व गोळे एकाच लॉटचे घ्या, कपाटात लॉटनुसार वेगळे ठेवा आणि विकताना गिऱ्हाइकाला पूर्ण कामासाठी लागतील तेवढे गोळे एकदमच घ्यायला सांगा. उरलेला न उघडलेला गोळा परत घेण्याची हमी दिलीत तर गिऱ्हाइके बिनधास्त घेतात आणि परत फारच थोडे येतात.

३. माल कुठून आणावा

सुरुवातीला बेळगावातच खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागांतल्या घाऊक विक्रेत्यांकडून माल घ्यावा. दर थोडे जास्त पडतील, पण एकेक डझन मिळेल आणि खराब निघालेला माल दुसऱ्या दिवशी जाऊन बदलता येईल. कोणती वस्तू महिन्याला किती जाते, हे वहीत दिसू लागले की मगच मोठ्या बाजाराकडे वळावे.

बेळगावहून बाहेर जायचे तर दोन दिशा आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटचा परिसर, पुण्यात बोहरी आळी, तुळशीबाग आणि अप्पा बळवंत चौक. दक्षिणेकडे बेंगळुरूत चिकपेट आणि अॅव्हेन्यू रोड. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असेल तर बेंगळुरूचा एसपी रोड. लोकरीचे मोठे केंद्र लुधियाना असले तरी तेथून थेट मागवण्याइतकी तुमची उलाढाल पहिल्या वर्षी होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. एकदा स्वतः जाऊन माल हाताळून पाहावा, व्यापाऱ्याशी ओळख करून घ्यावी आणि पुढच्या खेपा रात्रीच्या बसच्या पार्सलने किंवा ट्रान्सपोर्टने मागवाव्यात.

खरेदीचे पक्के बिल घेतल्याशिवाय माल उचलू नका. 'बिलाशिवाय घेतलेत तर कर वाचेल' असे सांगणारे व्यापारी भेटतातच. परंतु बिल नसलेल्या मालाची तक्रार करता येत नाही आणि महाराष्ट्रातून येणारा माल कोगनोळीसारख्या सीमेवर तपासला गेला तर दाखवायला काहीच उरत नाही. मालाची किंमत ५० हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागते. तुम्ही स्वतः जीएसटीत नोंदणीकृत नसलात तरी परराज्यातून माल खरेदी करण्यास आडकाठी नाही. खरेदी आणि विक्री यांचे नियम निरनिराळे आहेत, हे सहाव्या भागात सविस्तर येईल.

४. गाळ्याशिवाय विकण्याच्या वाटा

पहिली वाट व्हॉट्सअॅपची. व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घ्या, व्हॉट्सअॅप बिझनेसवर वस्तूंची यादी छायाचित्रांसह आणि दरांसह लावा. धाग्याचे आणि मण्यांचे छायाचित्र सकाळच्या उजेडात, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. ट्यूबलाइटच्या उजेडात मोरपंखी आणि हिरवा यांत गल्लत होते आणि मग परतफेडीचे वाद होतात. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोन्ही ठेवा. अर्धे गिऱ्हाईक कन्नडभाषक असू शकते आणि गोंड्याची हौस काही भाषा पाहून येत नाही. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या एखाद्या अक्कांकडून दहा-बारा ठरावीक वाक्ये लिहून घेतली की काम भागते.

दुसरी वाट दुसऱ्याच्या दुकानातल्या फळीची. स्टेशनरीचे, ब्लाउजपीसचे किंवा फॉल-पिकोचे दुकान असलेल्या ओळखीच्या माणसाकडे एक फळी मागा. माल तुमचा, जागा त्यांची; विकल्या गेलेल्या मालावर ठरलेला टक्का त्यांचा आणि उरलेला माल तुम्ही परत न्यायचा. यात संबंध बिघडतात ते केवळ हिशेब तोंडी ठेवल्यामुळे. किती नग ठेवले, दर काय, टक्का किती, हिशेब कोणत्या तारखेला आणि खराब झालेला माल कोणाच्या अंगावर, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नातेवाईक असतील तर हा कागद अधिकच आवश्यक आहे.

तिसरी वाट शिकवण्याची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत फलदायी आहे. रविवारी दुपारी घरच्या सोप्यात सहा-सात जणींना तीन तासांत एक साधा गोंडा शिकवा आणि शुल्कातच साहित्याचे पाकीट द्या. त्या पाकिटात एका साडीला पुरेल एवढा धागा, मणी आणि सुई असावी. घरी जाऊन साडी पुरी केली की दुसऱ्या साडीचे साहित्य घ्यायला त्या तुमच्याकडेच येतात. वर्गाचे पैसे आणि विक्रीचे पैसे वहीत वेगळे लिहा. त्याचे कारणही पुढे येईल.

चौथी वाट हंगामी स्टॉलची. बेळगावात दिवाळीच्या किल्ल्यांचे वेड मोठे आहे. गल्लीगल्लीत मुले आणि मंडळे किल्ले करतात, स्पर्धा होतात आणि मावळे, बुरूज, तोफा, रंग यांची मागणी त्या पंधरवड्यात एकदम उसळते. येथे सुट्ट्यांचे गणित ध्यानात घ्या: कर्नाटकातील शाळांची मोठी मधली सुट्टी दसऱ्याला असते, तर महाराष्ट्रातील शाळांची दिवाळीला. त्यामुळे बेळगावातली मुले शाळा सांभाळून किल्ला करतात आणि संध्याकाळी, रविवारी खरेदीला येतात. स्टॉलची वेळ त्याप्रमाणे ठेवा. उन्हाळ्यातही असाच फरक पडतो. आपल्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि जूनच्या तोंडावर भरतात, पलीकडच्या शाळा नंतर सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. सुट्टीतील छंदवर्गाचे साहित्य मार्चअखेर तयार नसेल तर तो हंगाम हातचा गेला.

रस्त्यावर किंवा फुटपाथवर जागा घेणार असाल तर स्थानिक संस्थेची परवानगी विचारून घ्या. मंडळाच्या किंवा देवळाच्या आवारातील जागा पावती देऊन मिळते आणि ती जास्त निर्धोक असते.

५. कागदपत्रे आणि नोंदणी

पुढील कागद एका फायलीत, प्रत्येकी दोन छायाप्रतींसह तयार ठेवा.

• पॅन कार्ड आणि मोबाईल क्रमांक जोडलेले आधार कार्ड
• पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
• बँकेचे पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश
• जागेचे हेस्कॉमचे वीजबिल आणि घरपट्टीची पावती
• जागा भाड्याची असल्यास मुद्रांक कागदावरील भाडेकरार. घरच्यांच्या नावावर असल्यास त्यांचे संमतिपत्र

सर्वांत जास्त खोळंबा होतो तो नावांतील फरकाने. पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, आधारवर नाही. लग्नानंतरचे आडनाव एका कागदावर, माहेरचे दुसऱ्यावर. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे बदलल्यामुळे जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी, असाही फरक दिसतो; मात्र तो सहसा अडचणीचा ठरत नाही, माणसाच्या नावातला फरक ठरतो. चंदगड, गडहिंग्लज भागातून लग्न होऊन किंवा कामासाठी इकडे आलेल्यांनी आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा. करार किंवा अर्ज कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्या माणसाकडून शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, शासकीय संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्या नावाने हजार-दोन हजार रुपये मागणारी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. जुलै २०२१ पासून किरकोळ विक्रेत्यांनाही ही नोंदणी करता येते, पण त्यांना तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. परंतु पहिली खेप कर्जाच्या पैशांवर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोणता माल चालतो हे कळण्याआधीच हप्ता सुरू झाला तर माणूस पडेल भावाने विकू लागतो.

दुकान किंवा गाळा उघडल्यावर कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना अधिनियम, १९६१ खाली ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. ती ई-कार्मिक संकेतस्थळावर होते. व्यापार परवाना बेळगावात महानगरपालिका, निपाणीत नगरपालिका, खानापुरात पट्टण पंचायत आणि खेड्यात ग्रामपंचायत देते. खेड्यातील वाचकांना अर्ज भरण्यासाठी 'ग्राम वन' या गावपातळीवरील सरकारी सेवा केंद्राचा उपयोग होतो.

६. सीमा आणि जीएसटी

आपल्या भागातील नवा विक्रेता सर्वांत जास्त गोंधळतो तो येथे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

केवळ वस्तू विकणाऱ्याला कर्नाटकात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण ही सवलत विक्री राज्यातल्या राज्यात असेल तरच आहे. परराज्यात वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची आहे. आता आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते पाहा. बेळगावहून पाचशे किलोमीटर दूर असलेल्या बेंगळुरूला पार्सल पाठवले तर ती राज्यांतर्गत विक्री; आणि हाकेच्या अंतरावरील चंदगड तालुक्यातल्या गावी दोनशे रुपयांचा धागा कुरिअरने पाठवला तर ती आंतरराज्य विक्री. आपल्या नात्यागोत्यांना आणि सोयरिकींना ही रेघ माहीत नाही, कर खात्याला आहे.

मग गडहिंग्लजच्या मावशी तुमच्या घरी येऊन, रोख पैसे देऊन धागा घेऊन गेल्या तर? माल तुमच्या जागेवरच त्यांच्या हाती पडला आणि बिलावर परराज्यातला पत्ता नसला, तर ती कर्नाटकातलीच विक्री धरली जाते. म्हणून नोंदणी होईपर्यंत पलीकडच्या गिऱ्हाइकांना 'बेळगावला आलात की घेऊन जा' असे सांगावे आणि पार्सल पाठवू नये. आठवड्याच्या बाजाराला, दवाखान्याला किंवा लग्नाच्या खरेदीला त्या भागातली माणसे येतच असतात. त्यामुळे हे वाटते तितके अडचणीचे नाही.

कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल तर आणखी एक पेच आहे. तेथे तुमची कायमची जागा नसल्यामुळे महाराष्ट्रात 'प्रासंगिक करदाता' म्हणून तात्पुरती नोंदणी करावी लागते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. छोट्या स्टॉलसाठी हा खटाटोप परवडत नाही.

स्वतः हाताने केलेल्या वस्तूंसाठी एक सवलत आहे. शासनाच्या यादीतील हस्तकला वस्तू परराज्यात विकणाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे बहुतांश राज्यांत २० लाखांच्या उलाढालीपर्यंत, नोंदणीतून सूट मिळते; मात्र पॅन असावे लागते आणि पाठवणीची रक्कम कितीही असली तरी ई-वे बिल काढावे लागते. कारखान्यातला धागा, मणी किंवा रंग यांना ही सवलत लागू नाही. तुमची वस्तू यादीत बसते की नाही, हे कर सल्लागाराकडून आधी तपासून घ्या.

ऑनलाइन बाजारपेठांबाबत १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम सैल झाला आहे. जीएसटी नोंदणी नसलेला विक्रेता पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा संकेतस्थळांवरून विकू शकतो, पण तेही आपल्याच राज्यातील गिऱ्हाइकांना.

छंदवर्ग घेत असाल तर वर सांगितलेली ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू राहत नाही, कारण ती केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. सेवाही देणाऱ्याची मर्यादा २० लाखांची असते. आपली उलाढाल सुरुवातीला तिच्या आसपासही जात नाही. तरी वर्गाचे पैसे वेगळे लिहा असे वर म्हटले ते यासाठी.

यूपीआयबद्दल एक सूचना. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने खात्यांवरील यूपीआय जमेच्या आधारे अनेक छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. भिशीचे पैसे, भावाने पाठवलेले पैसे आणि धाग्याचे पैसे एकाच क्यूआर कोडवर येत असतील, तर कोणते विक्रीचे आणि कोणते घरचे हे तुम्हाला पुढे सिद्ध करत बसावे लागेल. व्यवसायासाठी स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र क्यूआर पहिल्या दिवसापासून ठेवा.

पलीकडची मागणी खरोखरच वाढली तर रीतसर नोंदणी करून मोकळे व्हावे. कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत व्यापाऱ्याला उलाढालीवर एकच टक्का कर असतो, म्हणून ती आकर्षक वाटते. परंतु त्या योजनेत परराज्यात विक्री करता येत नाही, म्हणजे ज्यासाठी नोंदणी घेतली तेच बंद होते. नेहमीची नोंदणी घेतल्यास मुंबई-कोल्हापूरच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, मात्र विक्री शून्य असली तरी विवरणपत्र वेळेवर भरावे लागते. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये आणि इतर विवरणपत्रांना ५० रुपये विलंब शुल्क आहे. ते दिसायला थोडे असते आणि साचले की महिन्याचा नफा खाते.

७. पाकिटे, खेळणी आणि जुनी नाणी

मोठ्या पिशवीतले मणी छोट्या पाकिटांत भरून ठेवणे हे या धंद्यातले रोजचे काम. असे आधीच भरलेले पाकीट कायद्याने 'आवेष्टित वस्तू' ठरते आणि त्यावर वस्तूचे नाव, भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावे लागते. शिवाय वैधमापन (वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी) विभागाकडे पाकिटे भरणारा म्हणून ९० दिवसांत नोंदणी करावी लागते. हे टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे गिऱ्हाइकासमोर मोजून देणे. त्यासाठीचा काटा मात्र वैधमापन विभागाने तपासून मुद्रांकित केलेला हवा. स्वयंपाकघरातला शोभेचा काटा विक्रीसाठी वापरू नये.

खेळण्यांबाबत जास्त काळजी घ्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. किल्ल्याच्या हंगामात स्वस्त प्लॅस्टिकचे सैनिक आणि तोफा पोत्याने मिळतात. त्यावर चिन्ह नसेल तर जप्तीची जोखीम विकणाऱ्याची. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या खेळण्यांना सूट आहे, म्हणून मातीचे मावळे किंवा गोकाकची लाकडी खेळणी थेट कारागिराकडून घेताना बिलासोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत मागून घ्या. मातीकामाचे साहित्य विकणाऱ्यांनी खानापूरकडे अवश्य चौकशी करावी. तेथे कुंभारकामाची जुनी परंपरा आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे.

नाणी जमवणाऱ्यांसाठी विक्री करायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येतात आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, हे ध्यानात ठेवा. पतंगांचा स्टॉल लावणाऱ्यांनी नायलॉनचा मांजा हातात धरू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर त्यावर बंदी घातली आहे.

८. पावसाळ्याची तयारी

बेळगावचा पाऊस हा या मालाचा शत्रू आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत क्विलिंगच्या कागदी पट्ट्या सैल पडतात, जलरंगाचा कागद ओल धरतो आणि त्यावर पिवळे ठिपके येतात, सुयांना गंज चढतो, जरीचा धागा काळवंडतो. माल भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाका आणि सुयांची पाकिटे मेणकागदात गुंडाळा. हवेने वाळणारी माती याउलट उन्हाळ्यात पाकिटातच कडक होते. तिची मोठी खेप मार्च-एप्रिलमध्ये घेऊ नये.

९. गाळा घ्यायची वेळ

लागोपाठ दोन हंगाम विक्रीतून घरखर्चाला हात न लावता पुढची खेप निघाली, आणि घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे घरच्यांची गैरसोय होऊ लागली, की गाळ्याचा विचार करावा. भर बाजारपेठेतला गाळा छंद-साहित्याला आवश्यक नाही, कारण हे गिऱ्हाईक जाता जाता आत शिरणारे नसते, ते शोधत येते. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव अशा वस्तीतला आतल्या गल्लीचा गाळा चालतो. डिपॉझिट किती आणि ते परत कधी, भाडेवाढ दरवर्षी किती टक्के, विजेचे स्वतंत्र मीटर आहे का, शटर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. पावसाळ्यात एकदा तो गाळा आतून पाहिल्याशिवाय मात्र डिपॉझिट देऊ नका.

फलक रंगवायला देण्यापूर्वी नियम पाहून घ्या. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या फलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तो वरच्या भागात असणे बंधनकारक आहे. खालच्या भागात मराठी आणि इंग्रजी नाव लिहिता येते. रंगाऱ्याला दोन्ही भाषांतील मजकूर मापासह कागदावर लिहून द्या आणि कन्नड अक्षरे जाणकाराकडून तपासून घ्या.